मी रागावून आलो नाही

कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या वाक्यापुढे दोनचा आकडा आला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. मला नेहमी आधी तसंच वाटतं. वरच्या सोळा वाक्यांपुढे एक किंवा शून्य होतं. एक म्हणजे वाक्य नियमांत बसलं, शून्य म्हणजे बसलं नाही. चुकीची वाक्यं मी मुद्दामच दिली होती, ती नाकारली जातात का हे पाहायला. त्यामुळे शून्य दिसलं की मला परीक्षेत मुलाने बरोबर उत्तर लिहिल्यासारखं बरं वाटत होतं. सतरावं वाक्य माझ्याच वहीतलं होतं. पण ते रोमन अक्षरांत टाईप केलेलं, काळ्या काचेवर हिरवं, म्हणून ओळखायला क्षणभर उशीर झाला. मी रागावून आलो नाही. आणि पुढे दोन.

"गुणवंती, हे दोन कशाचे?"

ती डब्यातली भाकरी मोडत होती. मान न वळवताच म्हणाली, "दोन झाडं निघतात सर त्याची. असलंच एखादं वाक्य मला पाहिजे होतं. पुढचं घेऊ?"

मी म्हटलं, थांब जरा. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला असावा, कारण तिने डबा बाजूला ठेवला.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या कंट्रोल पॅनेलचा एक छोटा कारखाना आहे, त्यात ती नोकरीला आहे. भिवा खलाशाची ही मुलगी नववीत माझ्या वर्गात खिडकीपाशी बसायची. मी फळ्यावर वाक्य लिहिलं की माझ्या आधी तिच्या ओठांवर त्याचं उद्देश्य आणि विधेय आलेलं असायचं. मुंबईला जाऊन शिकली, परत आली, आणि आता आणखी एका पदवीसाठी प्रबंध लिहिते आहे. कारखान्याच्या मालकांनी कॉम्प्युटर घेतला आहे. तो काचेच्या खोलीत ठेवलेला असतो, बाहेर चपला काढून आत जायचं, देवळासारखं. सुट्टीच्या दिवशी तो तिला वापरायला मिळतो. गणपती झाल्यावर ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला वाक्यपृथक्करण शिकवायचात ना, तसं याला शिकवायचंय." मी दोनदा नाही म्हटलं. मी हायस्कुलात मराठी शिकवलं एवढंच, व्याकरणकार नव्हे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि शिकवत होतो तेव्हाही नियम सांगताना मनात धाकधूक असे की मागच्या बाकावरचा कोणी उठून विचारील, कशावरून? तिसऱ्यांदा ती भिवाला घेऊन आली. भिवाने ओल्या पिशवीतले बांगडे मथुरेच्या हातात दिले, नि मला म्हणाला, "मास्तर, पोर म्हंते तसा करा की. तुम्ही तरी घरात बसून काय करतास?" मथुरा, माझी बायको, आतून म्हणाली, "बरोब्बर विचारलंत."

तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी मी एसटीने जातो. कारखाना बंद असतो, पण गरम व्हार्निशचा वास भिंतींना असतोच. बाहेर कातळावरचं वाळलेलं गवत आणि तांबडी धूळ, आत पंख्याचा एकसुरी आवाज. गुणवंतीच्या प्राध्यापकांनी तिला एका फ्लॉपी तबकडीत घालून एक अवजार दिलेलं आहे. अवजार हा तिचाच शब्द. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक बारीक चौकोन लुकलुकत असतो, त्यापुढे त्याचं नाव टाईप करायचं, मग नियमांच्या फाईलचं नाव, मग वाक्यांच्या फाईलचं, आणि एक कळ दाबायची. मग ते आपले नियम घेऊन एकेका वाक्याला लावून पाहतं. जमलं की किती रीतींनी जमलं ते सांगतं. सांगितलं तर झाड काढून दाखवतं, मूळ वर आणि पानं खाली.

नियम मी सांगायचे, ती लिहायची. वाक्य म्हणजे काय? कर्त्याचा गट आणि क्रियेचा गट. क्रियेचा गट म्हणजे काय? नुसतं क्रियापद, किंवा कर्म आणि क्रियापद, किंवा आधी एक धातुसाधित आणि मग पुन्हा क्रियेचा गट. इथे मी अडखळलो होतो. म्हटलं, असं कसं चालेल, क्रियेच्या गटाची व्याख्या करताना त्यातच क्रियेचा गट? ती हसली. "चालतं सर. बघा." आणि तिने टाईप केलं: उठून आंघोळ करून जेवून निघून गेला. पुढे एक. मग आणखी चार क्रिया घातल्या, तरी एक. एका ओळीचा नियम, स्वतःच्या पोटात स्वतःलाच घेऊन बसलेला, आणि त्यातून माणूस मरेपर्यंत बोलत राहिला तरी न संपणारं वाक्य निघू शकत होतं. छत्तीस वर्षं मी ही भाषा शिकवली आणि हे मला कोणी दाखवलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. तो पंख्याचा वारा असेल असं म्हणून मी उपरणं ओढून घेतलं. तिला दिसू नये असं वाटलं. म्हातारा माणूस एका डब्यापुढे हात जोडायच्या बेतात आहे हे बरं दिसलं नसतं.

"दाखव ती झाडं," मी म्हटलं.

तिने दोन अक्षरं टाईप केली. रेघा आणि अक्षरं वरून खाली उतरू लागली. पहिल्या झाडात 'नाही' हे 'आलो'च्या अंगाला चिकटलेलं होतं. दोघांची एक फांदी, आणि 'रागावून' वेगळं, मोकळं, त्यांच्या डावीकडे. रागावलो, आणि म्हणून आलो नाही. दुसऱ्या झाडात 'रागावून' आणि 'आलो' हातात हात घालून एका फांदीवर, आणि 'नाही' त्या दोघांच्या वर, छत्रीसारखं. आलो, पण रागावून नव्हे. शब्द तेच, चारच, त्याच क्रमाने. पडद्याच्या त्या हिरव्या उजेडात ती दोन झाडं शेजारी शेजारी उभी होती, आणि यंत्र गप्प होतं. ते कोणत्याच झाडाच्या बाजूचं नव्हतं.

"हा 'नाही'चा नियम कोणी घातला?"

"तुम्हीच सर. दिवाळीच्या आधी. मी विचारलं होतं नाही कुठे बसवायचं, तर तुम्ही म्हणालात, एकतर क्रियापदाला, नाहीतर आधीच्या सगळ्याला. उदाहरण पण दिलंत, तो घाबरून पळाला नाही. ते मी लिहून ठेवलंय." तिने वही दाखवली. माझेच शब्द होते. "ते आपल्या मनाचं काही बोलत नाही हो. तुम्ही दिलेलंच परत देतं."

मी दिलेलंच. म्हणजे दोन्ही नियम माझ्यातच होते, आजवर शेजारी शेजारी, आणि मी मात्र त्या वाक्याला बेचाळीस वर्षं एकच झाड लावत आलो. ते वाक्य मी वहीत 'ऊन' लागलेल्या धातुसाधितांच्या यादीत लिहिलं होतं, बसून, उठून, हसून यांच्या ओळीत. का लिहिलं ते मला माहीत नाही. मुद्दाम लिहिलं नव्हतं. हाताने लिहिलं.

ते वाक्य एका पोस्टकार्डावरचं आहे. कार्ड माझ्या थोरल्या भावाने, भागोजीने, मुंबईहून पाठवलेलं. आमचं गाव देवरुखच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत. बाप लवकर गेला. भागोजी माझ्याहून सात वर्षांनी मोठा, मिसरूड फुटायच्या आत गिरणीत लागला, आणि त्याच्याच जिवावर मी शिकलो. तो मात्र शाळेत गेलाच नाही. मी मास्तर झालो त्याच्या पहिल्या शिमग्याला तो गावी आला होता. पालखी आमच्या अंगणात बसली. घरातला कर्ता म्हणून गाऱ्हाणं घालायचा मान त्या वर्षी पहिल्यांदा त्याला मिळाला. नारळ हातात धरून तो उभा राहिला, नवं धोतर, घामाने चकाकणारं कपाळ. मुंबईत राहून आलेला माणूस, चार जड शब्द घालावेत असं त्याला वाटलं असणार. "बा देवा म्हाराजा, पोराबाळांना सुखी ठेव," आणि लोक म्हणाले व्हय म्हाराजा. "गुराढोरांना सुखी ठेव." व्हय म्हाराजा. "आमच्या घरावर तुझी अवकृपा असू दे." व्हय म्हाराजा. कोणाच्या लक्षात आलं नाही. देवाच्याही आलं नसावं, त्याला बिचाऱ्याला कळलंच होतं काय मागितलं ते. मी मात्र मागून म्हटलं, "अवकृपा नव्हे दादा, कृपा." शांतता होती, सगळ्यांना ऐकू गेलं. कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. भागोजी थांबला. नारळ धरलेला त्याचा हात तसाच राहिला. पुढचे शब्द त्याला आठवेनात. शेवटी गावकरांनी, गावच्या मानकऱ्यांनी, पुढे होऊन गाऱ्हाणं पुरं केलं. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा त्याची ट्रंक जागेवर नव्हती. न सांगता गेला होता.

मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं आणि पाचव्यांदा पाठवलं. त्यात दोन गोष्टी होत्या: तू असा रागावून का गेलास, आणि वैशाखात माझं लग्न आहे, तू आलाच पाहिजेस. माफी मागितली नव्हती. चूक सुधारणं हे माझं कामच आहे असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं. लग्नाला तो आला नाही. आठवड्याने कार्ड आलं. पत्र पोचले. मी रागावून आलो नाही. सर्वांस आशीर्वाद. प्रकृतीस जपावे. अक्षर दुसऱ्या कोणाचं, वळणदार, एकही चूक नसलेलं. हळदीचे हात अजून पिवळे होते, अंगणात मांडवाचे खांब तसेच होते, आणि मी ते दारातच वाचलं. रागावलो म्हणून आलो नाही. किती उघडपणे सांगतो आहे, मला वाटलं, कार्डावर, पोस्टमनलाही वाचता येईल असं. मग मीही रागावलो. आई गेली तेव्हा बाराव्याला आम्ही एका पंगतीत बसलो, मीठ वाढण्यापुरतंही बोललो नाही. नंतर तेही नाही.

आणि आता काचेच्या खोलीत बसून मला दिसत होतं की माझ्या पत्रात दोन प्रश्न होते आणि त्याने एकाचंच उत्तर दिलं होतं. मी समजलो ते लग्नाचं. पण मुंबईत बसलेला माणूस 'आलो' म्हणतो ते मुंबईला आल्याबद्दलही असू शकतं. तू रागावून का गेलास? मी रागावून आलो नाही. पुन्हा पाहिलं. ते दुसरं झाड तिथेच होतं, छत्री धरून. मी नसतो पाहिलं तरी ते असतं. ज्या दिवशी कार्ड टपालात पडलं त्या दिवसापासून होतं. मला समुद्राकाठी उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटलं, म्हणजे भीती नव्हे, आपण अगदी लहान आहोत आणि ते कोणाच्या लक्षातही नाही असं. ज्याला राग ठाऊक नाही, भाऊ ठाऊक नाही, शिमगा ठाऊक नाही, त्याने दोन्ही अर्थ तळहातावर धरले होते, एकही न सांडता. आणि मी, ज्याला हे सगळं ठाऊक होतं, त्याने एक हातात घेऊन दुसरा टाकून दिला. कदाचित ठाऊक होतं म्हणूनच.

"सर, पाणी देऊ?" गुणवंती म्हणाली. "कोणाचं वाक्य आहे हे?"

"उदाहरण आहे," मी म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या प्रबंधाच्या वहीत तिने सतरा आकड्याभोवती गोल केला.

घरी मथुरेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "मी लग्न झाल्यापासून सांगतेय, भावोजी रागावणारे न्हवत. ते नाय पटलं. त्या डब्यानं सांगितलं ते पटलं."

"त्याने नाही गं सांगितलं. तो म्हणतो दोन्ही असू शकतं."

"मग मी तरी दुसरं काय सांगत होते?" ती पुन्हा सूप घेऊन म्हणाली, "महिना झाला बाबल्यानं निरोप आणल्याला. घास जात नाय म्हणाला. तुम्ही झाडं मोजीत बसा."

बाबल्या आमच्या गावचा, एसटी स्टँडवर भेटला होता. भागोजी आता अलोऱ्याला, मुलगा कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला आहे त्याच्याकडे. अंथरुणाला खिळलेला. मी बाबल्याला म्हटलं होतं बघतो, आणि महिनाभर बघत होतो. जाऊन काय बोलायचं? ज्याने रागावलो म्हणून आलो नाही असं लिहून कळवलं त्याच्या दारात कसं उभं राहायचं? आता ते कारण उरलं नव्हतं. त्याच्या जागी दुसरी भीती आली: त्याने तसं लिहिलंच नसेल तर बेचाळीस वर्षं कोणाच्या खात्यावर?

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने चिपळूण, तिथून अलोरे. कार्ड शर्टाच्या खिशात. कार्डाच्या कडा कापसासारख्या मऊ झालेल्या. वसाहतीतल्या सगळ्या चाळी सारख्या, नंबर वाचत वाचत पोचलो. दारात त्याची सून होती, कमळा. मला तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

"धाकूकाका ना? नाकावरनं ओळखलं," ती म्हणाली. आत वळून सासऱ्याला मोठ्याने, "मामा, रत्नागिरीचे काका आलेत."

खाटेवर एक लहानसा माणूस होता. मला भागोजी मोठा आठवत होता. त्याने डोळे बारीक केले. "कोण, मास्तर?" म्हणाला. "बस. खुर्ची दे गो मास्तराला. जेवलास?"

"हो."

"खोटा बोलतंस. चिपळूणच्या गाडीत कोण जेवाय घालतो?"

मी खुर्चीच्या कडेवर बसलो. बाहेर कुठेतरी यंत्राची घरघर चालू होती, डोंगराच्या पोटातून आल्यासारखी. मी वर्गात कधी अडलो तर पुस्तक उघडायचो, तसं कार्ड काढलं. त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचायचा आव आणला नाही. अंगठ्याने कडा चाचपल्या आणि परत दिलं. "काय लिवलंय?"

मी वाचलं. वाचताना 'नाही' कशाला जोडावं ते मला कळेना, म्हणून चारही शब्द सारखे, सुटे सुटे वाचले, यंत्र वाचेल तसे. मग विचारलं, "दादा, यात तुला काय सांगायचं होतं?"

तो छताकडे पाहत राहिला. छातीतून शीळ यावी तसा श्वास येत होता.

"त्ये आता कुठलं आठवायला," तो म्हणाला. "विठूनं लिवलान, आमच्या खोलीतला. तो पण गेला. पयलं मी सांगितलं तसंच लिवलान त्यानं, आपल्या बोलीत. मग मी म्हटलं, फाड. म्हटलं, भाव मास्तर हाय माझा, चूक काढील. शुद्ध लिव. मग दुसरं कार्ड आणलं नि त्यानं शुद्ध लिवलान." त्याला तेवढं आठवत होतं. "बरोबर व्हतं ना?"

"बरोबर होतं," मी म्हटलं. "एकही चूक नव्हती."

तो समाधानाने मान हलवत राहिला. पहिलं कार्ड कुठल्यातरी खोलीच्या कोपऱ्यात फाडून टाकलेलं, चार तुकडे, आठ तुकडे, त्यावर त्याची बोली, तिचा हेल, जिथे जोर द्यायचा तिथे दिलेला. ते मला एकदाच वाचून समजलं असतं. ते माझ्याच धाकाने फाडलं गेलं. "पहिल्या कार्डात काय होतं, दादा?"

"देवाला ठावं." मग त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "अवकृपा असू दे, असं असंल."

कमळाला काही कळलं नाही, पण तो हसतो आहे हे पाहून ती हसली. मला हसू आलं नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवला असता, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी खाटेच्या लाकडावर ठेवला, त्याच्या हाताजवळ. तसाच बराच वेळ गेला. तो मधूनच डोळे मिटायचा, मधूनच उघडून मी आहे का बघायचा.

"काका, चारची गाडी शेवटची," कमळा दारातून म्हणाली. "नंतर नाय."

मी उठलो. कार्ड खिशात घातलं. जाणारा माणूस म्हणतो ते म्हटलं, "येतो, दादा." दारात जाऊन एका पायात चप्पल सरकवली. तेव्हा मागून त्याचा आवाज आला, डोळे मिटलेलेच होते.

"रागावून जाव नको रे."

मी उंबऱ्यावर उभा राहिलो. एका पायात चप्पल, दुसरा पाय थंड फरशीवर. डोळ्यांपुढे पडदा नव्हता, पण रेघा आपोआप उतरू लागल्या. 'नको' दोघांच्या वर: जा, पण रागाने जाऊ नको. 'नको' नुसत्या 'जाव'ला चिकटलेलं: रागावलास, म्हणून जाऊ नको. शब्द तेच. बाहेर कोणीतरी गाडीच्या दिशेने धावत गेलं. पुन्हा विचारावं, असं वाटलं. पण विचारलं असतं तर त्याने ते शुद्ध करून सांगितलं असतं.

मी पायातली चप्पल काढली आणि दुसरीच्या शेजारी ठेवली.

"राहताय, काका?" कमळाने विचारलं.

"त्याला वाढ गो आधी," भागोजी डोळे न उघडता म्हणाला. "सकाळधरनं जेवल्याला नाय तो."